आसोद्याची लेक, जळगावची सून

जळगाव म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? केळी, सोनं आणि वांग्याचं भरीत! अजिंठ्याला निघालेली मंडळी जळगावच्या स्टेशनावर उतरतात, घाईघाईने चहा घेतात आणि साठेक किलोमीटरवरच्या लेण्यांकडे जाणारी गाडी पकडतात. लेणी पाहण्यासारखीच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण ती दोन हजार वर्षं तिथेच आहेत, आणखी एक दिवस थांबतील. तो एक दिवस तुम्ही जळगावला द्या असं माझं सांगणं आहे. सकाळी आसोद्याला जाऊन या आणि दुपारी जुन्या जळगावातला चौधरी वाडा पाहा.

तिथे पाहायचं काय, असं घरची मंडळी विचारतील. किल्ला नाही, धबधबा नाही, मोठं देऊळ नाही. तिथे एका शेतकरी कुटुंबाच्या खुणा आहेत. त्या कुटुंबात बहिणाबाई जन्मल्या आणि वाढल्या, दुसऱ्या कुटुंबात सून म्हणून गेल्या आणि एकाहत्तर वर्षांचं आयुष्य संपवून गेल्या. त्यांची गाणी आपण शाळेत पाठ केली आहेत. पण ज्या माणसांमध्ये, ज्या कामांमध्ये ती गाणी झाली, ती माणसं आणि ती कामं आपल्याला फारशी ठाऊक नसतात. मलाही पुस्तकातली बहिणाबाई ठाऊक होती. घरातली बहिणाबाई मला दाखवली ती माझ्या आत्येसासूबाईंनी. त्यांचं माहेर खानदेशातलं, घर शेतकऱ्याचं. वय ऐंशीच्या पुढे, पण प्रवासाचं नाव काढलं की पिशवी भरायला सगळ्यांत आधी तयार!

आसोदे हे गाव जळगावपासून पाच-सहा किलोमीटरवर आहे. लोक आसोदाही म्हणतात. रिक्षाने म्हणाल तर पाव तास. शहर आता इतकं पसरलं आहे की कुठे संपलं ते कळत नाही. मग एकदम दोन्ही बाजूंना काळी जमीन लागते. पाय ठेवला तर चिकटून बसेल अशी ती काळी, कापसाची माती. कपाशी, ज्वारी, केळीच्या बागा. ही वाट बहिणाबाईंनी सासरहून माहेरी जाताना कितीदा पायी तुडवली असेल! वैशाखात खानदेशातलं ऊन कसं असतं ते भोगल्याशिवाय कळायचं नाही. पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, धुळीचेसुद्धा चटके बसतात. अशा उन्हातही माहेरची वाट पायांना मऊ लागते असं त्यांनी गाण्यात सांगितलं आहे. माहेरी जाणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून द्यायला नको.

आसोद्याच्या महाजनांच्या घरात १८८० च्या श्रावणात, नागपंचमीला, बहिणाबाईंचा जन्म झाला असं सांगतात. जयंती मात्र २४ ऑगस्टला साजरी होते. वडील उखाजी महाजन, आई भिमाई. घमा, गना आणि घना हे तीन भाऊ. अहिल्या, सीता आणि तुळसा या तीन बहिणी. भावांची नावं एकदा मोठ्याने म्हणून पाहा. पाळण्यातच ताल धरल्यासारखी वाटतात की नाही? सात मुलांचं घर म्हणजे त्या काळी काही फार मोठं नव्हे. पण सात मुलं, गाई-बैल, येणारे-जाणारे आणि चार शेतं यांचा मेळ घालणारी भिमाई कशी असेल, हा विचार माझ्या मनातून जाईना. तिच्याबद्दल आपल्याला लेकीच्या गाण्यातून कळतं तेवढंच. नाही तर १८८० सालच्या कुणा शेतकरणीचं नाव तरी आज कुणाच्या तोंडी आहे का? आपल्याच पणजीच्या आईचं नाव सांगा पाहू! मला नाही सांगता आलं.

त्या वेळचा खानदेश कसा होता हे थोडं सांगायला हवं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि आपल्याकडच्या कापसाला एकाएकी भाव आला. त्याच सुमाराला मुंबईहून रेल्वे खानदेशात पोचली. जळगावात कापसाच्या गाठी येऊ लागल्या, बाजार वाढला, पेठा वाढल्या. आसोद्यासारख्या गावातला शेतकरी कापूस गाडीत घालून सहा किलोमीटरवर नेऊन विकू लागला. पैसा हातात येऊ लागला तसा सावकारही दारात येऊ लागला. बाईच्या कामात मात्र रेल्वे आल्याने काही फरक पडला नाही. कापूस वेचायचा तो हातांनीच.

कापूस वेचणी तुमच्यापैकी किती जणींनी केली आहे? खेड्यातल्या माहेरवाशिणींना माहीत असेल. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बोंडं फुटू लागतात. लुगड्याचा ओचा खोवून त्याची ओटी करायची, आणि वाकून एकेका बोंडातून कापूस ओढून ओटीत टाकायचा. बोंडाच्या सुकलेल्या कडा काट्यासारख्या बोचतात, नखांच्या कडेने बोटं फाटतात. सकाळी लवकर जायचं, कारण दवाने पाला ओलसर असतो, त्याचा चुरा होत नाही आणि कापूस स्वच्छ निघतो. ऊन चढलं की पाला कुरकुरीत होऊन कापसात मिसळतो, मग भाव कमी. म्हणजे घरचं पाणी, झाडलोट, भाकऱ्या हे सगळं उजाडायच्या आधी आटपायचं. आत्याबाईंनी रिक्षा थांबवायला लावली आणि रस्त्याकडेच्या शेतात शिरून दोन बोंडं वेचून दाखवली. वीस वर्षांत शेतात पाऊल टाकलं नसेल, पण बोटं विसरली नव्हती. माझ्या हातात मात्र बोंडाबरोबर अर्धं देठ आलं!

आसोद्यात शिरलं की आधी शांत वाटतं. जुनी मातीची घरं थोडी उरली आहेत, बाकी सिमेंटची झाली. कुणालाही बहिणाबाईंचं नाव विचारा, लोक आपुलकीने वाट दाखवतात. एका घराच्या ओट्यापाशी जात्याची तळी उलटी टाकलेली दिसली, तिच्यावर कपडे धुवायचं काम चाललं होतं. आत्याबाई तिथेच उभ्या राहिल्या.

“घरोट हाये व माय हे,” म्हणाल्या. “पाह्य, टाके झिजले पन दगड तसाच हाये.”

घरोट म्हणजे जातं. हा शब्द बहिणाबाईंच्या गाण्यात तुम्हांला भेटला असेल. त्या घरच्या सूनबाईंनी हसून सांगितलं की पिठाची गिरणी कोपऱ्यावरच आहे, जातं आता हळदीच्या दिवशी लागतं तेवढंच, आणि त्यासाठी शेजारून आणतात. म्हटलं, बरंच झालं. कारण जात्याचं कौतुक करणारी मंडळी बहुधा जात्यावर बसलेली नसतात. साधा हिशेब करा. पंधरा माणसांचं एकत्र कुटुंब धरलं, दोन्ही वेळ भाकरी, तर रोज पाच-सहा किलो पीठ हवंच. ज्वारीचं पीठ फार दिवस टिकत नाही, कडवट लागतं, भाकरीही थापताना फाटते. तेव्हा फार दिवसांचं एकदम दळून ठेवता येत नाही. रोज पहाटे, कोंबडं आरवायच्या आधी, दोघी जणी समोरासमोर बसून खुंटा ओढणार. कुणी आजारी असलं, दिवस गेलेले असले, बाळंतपण उठून महिना झालेला असला, तरी पीठ तेवढंच लागणार! ओवी जन्माला आली ती या वेळी. अंधारात डोळा लागू नये म्हणून, हाताला ताल मिळावा म्हणून, आणि दिवसभर ज्या गोष्टी सासूपुढे बोलता येत नाहीत त्या दगडाच्या घरघरीत सांगून टाकता याव्यात म्हणून.

बहिणाबाई लिहायला-वाचायला शिकल्या नव्हत्या. पण या शाळेत त्या रोज होत्या.

तेराव्या वर्षी, म्हणजे १८९३ च्या सुमाराला, त्यांचं लग्न झालं. जळगावचे खंडेराव चौधरी यांचे चिरंजीव नथुजी हे त्यांचे पती. सहा किलोमीटर म्हणजे काही लांब नाही असं आज वाटतं. पण तेरा वर्षांच्या मुलीला ते सहा किलोमीटर किती लांब असतील! माहेरी जायचं ते सणावारी, कुणी न्यायला आलं तर, आणि सासरच्यांनी पाठवलं तर.

खानदेशात माहेरपणाचा मोठा सण दिवाळी नव्हे, आखाजी. आपण अक्षय्यतृतीया म्हणतो ती. शेतातली कामं उरकलेली असतात, पेरणीला अवकाश असतो, तेव्हा लेकी माहेरी येतात. झाडांना झोके बांधतात, गौराई बसवतात, गाणी म्हणतात. घरात पितरांसाठी घागर भरायची, पुरणपोळी-आमरस करायचा, सांजोऱ्या तळायच्या. आत्याबाई सांगतात, लग्न झालेल्या मुली झोक्यावर बसल्या की त्यांचं वय पुन्हा दहा वर्षांचं व्हायचं, आणि गाण्यात सासू, नणंद, दीर सगळ्यांचा समाचार घेतला जायचा. ज्या गोष्टी तोंडावर बोललं तर घर मोडेल, त्या झोक्यावर गायल्या तर हसण्यावारी जातात. बहिणाबाईंनीही आखाजीवर गाणं केलं आहे, आणि माहेरावर तर किती तरी प्रेमाने केलं आहे. एका गाण्यात माहेरची थोरवी गाणाऱ्या सासुरवाशिणीला एक योगी विचारतो की माहेर एवढं गोड आहे तर तू सासरी नांदतेस कशाला? तिचं उत्तर असं की लेकीला माहेर मिळावं म्हणून आई सासरी नांदते. हे वाचून माझ्या ओळखीच्या एक कडक स्वभावाच्या मुख्याध्यापिका बाई रडल्या होत्या. एरवी त्या कुणाच्या लग्नातसुद्धा रडत नाहीत!

चौधरींचं घर शेतीचं. जळगाव तालुक्याचं गाव, बाजारपेठेचं, पण जुन्या जळगावातली घरं शेतकऱ्यांचीच. ओटा, मागे गोठा, धान्य साठवायची जागा. सून म्हणून आल्यापासून बहिणाबाईंच्या वाट्याला घर आणि शेत दोन्ही आलं. पेरणी, निंदणी, कापणी, रगडणी, उपणणी. हे नुसते शब्द नव्हेत हं. या कामांवर त्यांची गाणी आहेत, आणि ती एकापाठोपाठ एक वाचलीत तर शेतकऱ्याच्या घराचं एक वर्ष पुरं होतं. उपणणीचंच बघा. खळ्यात बैलांनी कणसं तुडवली की दाणा आणि भुसा एकत्र होतो. मग तिवईवर उभं राहून, सूप उंच धरून ते हळूहळू खाली सोडायचं. वारा भुसा उडवून नेतो, दाणा सरळ खाली पडतो. वाराच नसला तर? तर थांबायचं. चार-चार तास आभाळाकडे पाहत, सूप हातात घेऊन. पाऊस आला तर वर्षाचं धान्य भिजेल, याची धाकधूक मनात. शेतकरणीचं देवाशी बोलणं असं असतं. पूजेपेक्षा त्यात तगादा जास्त!

त्यात वाईट वर्षंही आली. १८९९-१९०० चा दुष्काळ मोठा होता. संवत १९५६ चा म्हणून खानदेश-गुजरातेत त्याला छपन्नचा दुष्काळ म्हणतात. बहिणाबाई तेव्हा एकोणीस-वीस वर्षांच्या. त्याआधी १८९६ साली मुंबईत प्लेग आला होता आणि रेल्वेच्या वाटेने तो गावोगाव पसरत गेला, पुढची कित्येक वर्षं पुन्हापुन्हा येत राहिला. उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहत. बहिणाबाईंना तीन मुलं. काशी ही मुलगी, ओंकार आणि सोपान हे मुलगे. ओंकारला प्लेग झाला. तो वाचला, पण कायमचं अपंगत्व घेऊन. त्या साथीत ज्यांची मुलं गेली त्यांच्या मानाने ही आई भाग्यवान, असं शेजारणी म्हणाल्या असतील. पण जन्मभर दुसऱ्याच्या आधाराने राहणाऱ्या मुलाची आई असणं काय असतं, ते ज्या घरात असं मूल आहे त्या घरालाच माहीत.

आणि वयाच्या तिसाव्या वर्षी नथुजी गेले. धाकट्या सोपानचा जन्म १९०७ चा. म्हणजे वडील गेले तेव्हा तो उणापुरा तीन वर्षांचा.

तीस वर्षांची विधवा, तीन मुलं, त्यातलं एक अधू, आणि शेती. १९१० सालच्या समाजात याचा अर्थ काय होता, ते तुम्हां-आम्हांला आजी-पणजींच्या गोष्टींतून थोडंफार ठाऊक आहे. कुंकू गेलं, बांगड्या गेल्या, सणासमारंभातलं पुढे येणं गेलं. बहिणाबाईंच्या या दुःखावरच्या गाण्यात कपाळावरचं गोंदण येतं. कुंकू पुसता येतं, गोंदलेलं पुसता येत नाही. एका गाण्यात त्या ज्योतिषालाही दारातून परत पाठवतात. माझं नशीब माझं मला कळलं आहे, हात पाहायला येऊ नकोस म्हणून. मला या बाईचा हा ताठा फार आवडतो. रडून झालं होतं, आता शेतात जायचं होतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांची बहुतेक गाणी ऐकताना वाटतं की ही बाई सुखात असावी. हसणं आहे, थट्टा आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नकला आहेत. जळगावात एक छापखाना होता, तिथलं यंत्र चालताना पाहून त्यांनी त्यावरसुद्धा गाणं केलं! ज्या बाईला अक्षर वाचता येत नव्हतं तिने अक्षर छापणाऱ्या यंत्रावर गाणं करावं, याला काय म्हणाल? माझी मुलं संगणकासमोर बसतात तेव्हा मी नुसती “डोळे बिघडतील” एवढंच म्हणते.

गाणी काम करता करता व्हायची आणि हवेत जायची. लिहून घेणारं कोण? पुढे सोपान शाळेत गेला, शिकला आणि स्वतःही कवी झाला. सोपानदेव चौधरी म्हणून मराठी वाचकांना ते माहीत आहेत. त्यांनी आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी आईची गाणी जमतील तशी कागदावर उतरवून घेतली. जी त्यांच्या कानावर पडली ती राहिली. जी कुणी नसताना, शेतात एकटीने म्हटली गेली, ती गेली. किती गेली असतील!

बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात वारल्या. त्यांच्या हयातीत एकही पुस्तक निघालं नाही. त्या गेल्यावर सोपानदेवांनी ती वही संकोचतच आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्र्यांना ती गाणी म्हणजे अस्सल सोनं वाटलं, हे लोकांपासून लपवून ठेवणं हा गुन्हा आहे असं ते म्हणाले, ही हकिगत आता सर्वांना ठाऊक आहे. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ पुस्तकरूपाने निघाली, अत्र्यांची प्रस्तावना घेऊन. १९६१ सालच्या ‘मानिनी’ या चित्रपटाने ती घराघरांत पोचवली. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचं नाव दिलं गेलं. वही दाखवताना सोपानदेवांना जरा जास्तच संकोच वाटला असता तर? असा विचार मनात येतो आणि अंगावर काटा उभा राहतो.

आता चौधरी वाडा. जुन्या जळगावातल्या अरुंद गल्ल्यांमधून वाट काढत जावं लागतं, रिक्षा जिथे थांबेल तिथून थोडं चालायची तयारी ठेवा. ज्या घरात बहिणाबाई राहिल्या तिथेच त्यांचं स्मृती संग्रहालय केलेलं आहे. जाण्याआधी वेळ विचारून घ्यावी, म्हणजे खेप वाया जात नाही. आत शेतीची अवजारं, स्वयंपाकातली भांडी, पूजेचं साहित्य अशा त्या घरच्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. मुलं बरोबर असली तर त्यांना घाई करू देऊ नका. प्रत्येक वस्तूचं नाव विचारा, आणि ती कशासाठी ते ओळखायला लावा. आमच्या नातीला सूप आणि चाळण यांतला फरक तिथे पहिल्यांदा कळला. घरात आटा पिशवीतून येतो, तिचा तरी काय दोष!

मला तिथे एकच हुरहूर लागली. सोपानदेवांना सगळे ओळखतात, त्यांच्यामुळे आईला ओळखतात. पण काशीचं काय? ती तर मुलगी. पहाटे आईच्या समोर बसून जात्याचा खुंटा ओढण्याचं वय तिचंही झालंच असेल. गाणी तिच्याही कानावर पडली असणार. अहिल्या, सीता, तुळसा या बहिणी गात असतील का? घमा, गना, घना यांच्या बायकांची नावं काय होती? गाण्यात जेवढं आलं तेवढंच आपल्या हाती उरलं आहे. जी माणसं गाण्यात आली नाहीत, ती नांगरलेल्या शेतासारखी, राबून झाली आणि वरून पुन्हा पेरणी झाली.

हे मी आत्याबाईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, “आमच्याबी घरी म्हनत होत्या ना व सगळ्या. माले येतात की ओव्या.”

मी तिथेच पर्समधून कागद-पेन्सिल काढली. त्या तोंड उघडून थांबल्या. आठवेना. पुन्हा प्रयत्न केला, पहिला शब्द आला, पुढे काही नाही. शेवटी वैतागून म्हणाल्या, “घरोटाबिगर नही येत.” हे खरं आहे, बरं का. ओव्या गोळा करणाऱ्या मंडळींचाही हाच अनुभव असतो. हात फिरला की तोंड चालतं. खुर्चीत बसवून, वही समोर धरून विचारलं की बाई गप्प होते.

जेवणाचं सांगितल्याशिवाय खानदेशची गोष्ट पुरी व्हायची नाही. तिथे गेलात तर हॉटेलात पंजाबी भाजी मागवू नका, हात जोडून विनंती! थंडीच्या दिवसांत हिरव्या-पांढऱ्या मोठ्या वांग्यांचं भरीत करतात. या वांग्यांना आणि जळगावच्या केळ्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वांगी गॅसवर न भाजता शेतातल्या काट्याकुट्यांच्या जाळावर भाजतात, सोलून लाकडी बडजीत मिरच्यांबरोबर ठेचतात, वर शेंगदाणे आणि कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी. ती घरीही करता येते. एक किलो ज्वारीला पाव किलो अख्खे काळे उडीद आणि चवीपुरतं मीठ घालून एकत्र दळून आणा. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, त्यामुळे भाकरी थापायला नवशिकीलाही सोपी जाते. पीठ थोडंच दळा, पंधरा दिवसांत संपेल इतकं. जायचं तर दसऱ्यानंतर संक्रांतीपर्यंत जा. एप्रिल-मे टाळा, घरात लहान मूल असेल तर टाळाच.

त्या दिवशी रात्री आम्ही जळगावात आत्याबाईंच्या भाच्याकडे मुक्कामाला होतो. भाचेसून कळण्याचं पीठ मळत होती. आत्याबाईंनी तिला बाजूला केलं, परात पुढे ओढली आणि भाकरी थापायला बसल्या. दोन भाकऱ्या झाल्या. तिसरीच्या वेळी हाताच्या तालावर त्या गुणगुणू लागल्या. मी आवाज न करता कागद काढला. भाचेसुनेने गॅस बारीक केला, न सांगता आणखी पीठ मळायला घेतलं. पंधरा भाकऱ्या झाल्या, घरात माणसं सहा! तेवढ्या वेळात मी अकरा ओव्या लिहून घेतल्या. दोन अर्ध्या राहिल्या, पीठ संपलं म्हणून.

त्यातल्या तीन ओव्यांत एका बाईचं नाव येतं. तिच्या हातच्या सांजोऱ्यांचं कौतुक आहे, तिच्या मागे कुणी न्यायला न आल्याचंही आहे. जेवणं झाल्यावर मी विचारलं, “आत्याबाई, ही कोण हो?”

त्या बराच वेळ आठवत राहिल्या. भाच्याने दोन-तीन घरांची नावं सुचवली, त्यांनी मान हलवली.

“कोन जाने व माय,” शेवटी म्हणाल्या. “माह्या आजीची नणद असंन. लिहून ठेव तू.”